फ्लॉरेन्स नायटिंगेल : रोग येण्याआधीची तयारी

हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांच्या रांगांतून फिरणारी परिचारिका, एवढीच फ्लॉरेन्स नायटिंगेल यांची ओळख आपल्यापैकी बहुतेकांना असते. त्यांच्या दुसऱ्या हातात हिशेबाची वही होती, हे फारसे सांगितले जात नाही. विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही ती वही जाणून घेण्यासारखी आहे.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. वडिलांनी मुलीला घरीच भाषा, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकविले. गणिताची तिला विशेष ओढ होती. पण आपल्याला रुग्णसेवा करायची आहे असे तिने सांगताच घरात वादळ उठले. रुग्णसेवा हे त्या काळी कुलीन मुलीचे काम मानले जात नसे. काही वर्षे विरोध सोसून १८५१ साली त्यांनी जर्मनीतील कायझरवर्थ येथे शिक्षण घेतले.

१८५४ साली क्रिमियाच्या युद्धात इंग्रज सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांतून छापून आले. तेव्हा ३८ परिचारिका घेऊन नायटिंगेलबाई तुर्कस्तानात, इस्तंबूलसमोरील उस्कुदार येथे पोहोचल्या. तुर्की सैन्याच्या एका मोठ्या बराकीत इंग्रजांनी इस्पितळ थाटले होते. तेथे बिछाने, कपडे, साबण, सारेच अपुरे होते. बाईंनी स्वयंपाकघर आणि धुलाईची व्यवस्था लावली. तरीही मृत्यू थांबेनात. १८५५ च्या फेब्रुवारीत दाखल होणाऱ्या दर शंभरांत सुमारे ४२ जण दगावत होते. मार्चमध्ये सरकारचे स्वच्छता मंडळ आले. त्याने इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसली, मेलेली जनावरे हटविली, हवा खेळती केली. जूनपर्यंत तेच प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले.

मायदेशी परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने बाईंनी मृत्यूंचे आकडे तपासले. जखमांपेक्षा कॉलरा, विषमज्वर, हगवण यांसारख्या टाळता येण्याजोग्या रोगांनीच कितीतरी अधिक सैनिक मेले होते. ही गोष्ट मंत्र्यांच्या सहज ध्यानात यावी म्हणून त्यांनी रंगीत वर्तुळाकार आकृत्या काढल्या. नुसती दया पुरत नाही, आधीची व्यवस्था हवी, हे त्यांनी सरकारला पटविले. पुढे सैन्याच्या डॉक्टरांसाठी वेगळे विद्यालय निघाले.

१८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांच्या नावाची परिचारिका शाळा सुरू झाली. येथे वर्षभराचे रीतसर शिक्षण मिळे. येथून तयार झालेल्या परिचारिका थेट ऑस्ट्रेलियापर्यंत गेल्या. साथ आल्यावर माणसे शोधायची नसतात, ती आधीच शिकवून तयार ठेवायची असतात, हा या शाळेचा अर्थ होता.

नायटिंगेलबाई हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. पण येथील फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगासाठी त्यांनी ठिकठिकाणच्या छावण्यांतून माहिती मागविली. १८६३ च्या अहवालात वार्षिक मृत्यूचे प्रमाण हजारी ६९ दिसले. पिण्याचे पाणी, सांडपाणी आणि राहण्याची जागा यांकडे त्यांनी बोट दाखविले. पुढे खेड्यांच्या स्वच्छतेविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांनी पत्रव्यवहार केला. क्रिमियातील तापानंतर प्रकृती ढासळली होती, तरी यातले बरेचसे काम त्यांनी अंथरुणावरून केले. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली म्हणून २०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते. त्याच वर्षी कोरोनाची साथ जगभर पसरली. खाटा आणि यंत्रे आणता आली, तरी त्यांच्याशेजारी रात्रभर जागणारी शिकलेली परिचारिका एका दिवसात घडविता येत नाही, हे तेव्हा साऱ्यांना कळून चुकले.

पालकहो, परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलीला आजही कित्येक घरांत नाही म्हटले जाते, आणि मुलाला तर कोणी हे सुचवीतही नाही. फ्लॉरेन्सच्या घरानेही नाहीच म्हटले होते. पुढची साथ केव्हा येईल हे कोणालाच ठाऊक नाही. ती येईल तेव्हा आपल्या वस्तीत शिकलेले हात किती असतील, हे मात्र आज आपण मुलांना काय शिकू देतो यावर ठरणार आहे.