तुमच्या गाडीची बॅटरी शोधणारे गास्तों प्लांते आणि घरी चार्जिंग करताना लागणारी हवा

पाथर्डी तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. एवढे महिने उभी असलेली गाडी किल्ली फिरवली की नुसती टकटक करते. बॅटरी उतरलेली असते. मग कुणाकडून तरी चार्जर आणून घरातच चार्जिंग सुरू होतं. ते सुरक्षित कसं करायचं, हे ही बॅटरी बनवणाऱ्या माणसाच्या गोष्टीतून चांगलं कळतं.

गास्तों प्लांते यांचा जन्म 22 एप्रिल 1834 रोजी फ्रान्समधल्या ऑर्थेझचा. विशीतच ते पॅरिसमध्ये भौतिकशास्त्राचे सहायक झाले. 1855 मध्ये पॅरिसजवळ त्यांना एका अवाढव्य, न उडणाऱ्या पक्ष्याची जीवाश्म हाडं सापडली. त्या पक्ष्याचं नाव त्यांच्यावरूनच गॅस्टोर्निस पडलं. म्हणजे बॅटरीच्या आधी नाव झालं ते हाडांमुळे!

तोवरच्या बॅटऱ्या एकदा संपल्या की संपल्या. 1859 मध्ये प्लांते यांनी शिशाचे दोन पत्रे घेतले, ते एकमेकांना टेकणार नाहीत अशी त्यांची गुंडाळी केली आणि पाणी घातलेल्या गंधकाम्लात बुडवली. बाहेरून वीज सोडली की ही बॅटरी भरायची, वापरली की उतरायची आणि पुन्हा भरता यायची. पुढच्या वर्षी त्यांनी नऊ सेलची बॅटरी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली.

तेव्हा घरोघरी वीज नव्हती. ते दुसऱ्या साध्या बॅटऱ्या जोडून ही बॅटरी भरत. पत्रे नीट तयार व्हायला ती पुन्हा पुन्हा भरावी आणि उतरवावी लागे. यात आठवडे जात.

आजही घाई चालत नाही. करंट साधारण क्षमतेच्या दहाव्या भागाइतका ठेवा. 35 अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर पुरे. भरल्यानंतरही करंट चालू राहिला, तर तो आतलं पाणी फोडतो आणि हायड्रोजन, ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला तरी एक ठिणगी पुरते. म्हणून बंद खोलीत, देवघराच्या दिव्याजवळ किंवा चुलीशेजारी चार्जिंग नको. ओसरी बरी. बिडी-सिगारेट लांब. आधी चिमटे लावा, लाल प्लसला आणि काळा मायनसला, मगच स्विच चालू करा. काढताना आधी स्विच बंद. नाहीतर ठिणगी नेमकी बॅटरीच्या डोक्यावरच उडते. झाकणं असलेल्या बॅटरीत पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, बोअरचं नाही. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा हवा. आम्ल उडालंच तर भरपूर पाण्याने धुवा, डोळ्यात गेलं तर धुऊन लगेच दवाखाना गाठा. फुगलेली किंवा तडा गेलेली बॅटरी चार्जिंगला लावूच नका.

1881 मध्ये कामिय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन आठवड्यांचं ते काम वाचवलं. प्लांते 21 मे 1889 रोजी गेले. कॅडिलॅक गाडीत विजेचा सेल्फ-स्टार्टर आला 1912 मध्ये, त्यामुळे किल्ली फिरवून गाडी सुरू होताना त्यांनी कधी पाहिलीच नाही. त्यांच्याच शिसं-आम्लाच्या जातीच्या बॅटऱ्या आज आपल्या जिल्ह्यात, अहिल्यानगरच्या एमआयडीसीतल्या एक्साइडच्या कारखान्यात बनतात.