इंग्रजांना जंगलात सापडले नाहीत, आपल्यांनीच धरून दिले : वीर बाबुराव शेडमाके

चंद्रपूर : २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूरच्या कारागृहात पिंपळाच्या झाडाला वीर बाबुराव पुल्लेसूर शेडमाके यांना फाशी देण्यात आली. वय अवघे २५ वर्षे.

जन्म १२ मार्च १८३३ चा. वडील अहेरीच्या हाताखालील मोलमपल्लीचे जमीनदार. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा केले आणि आपला चांदा मुलूखही त्यांच्या ताब्यात गेला. नवा साहेब, नवे कायदे. जंगल, जमीन, जमीनदारी, कशाचाच भरवसा उरला नाही.

बाबुरावांनी गावोगावची पोरं गोळा केली. माणूस आपला, भाषा आपली, दुखणंही आपलंच. म्हणून पोरं निघाली. सुमारे ५०० गोंड, माडिया तरुण आणि सोबतीला रोहिले. दलाचे नाव जंगोम दल. मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटरावही येऊन मिळाले. नांदगाव-घोसरीला लढाई झाली. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुडी येथील तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले.

साहेब कॅप्टन क्रिक्टन फौज पाठवून थकला. जंगल फौजेला माहीत नव्हते, बाबुरावांना पाठ होते. मग सरकारने डाव बदलला. पकडून देणाऱ्याला १००० रुपयांचे बक्षीस लावले. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला. त्यांना जमीनदारी वाचवायची होती. भोपालपट्टणमला बाबुराव एकदा पकडले गेले, पण निसटले. अखेर लक्ष्मीबाईंच्याच माणसांनी त्यांना धरले आणि १८ सप्टेंबरला ते इंग्रजांच्या हाती पडले. महिनाभरात खटला उरकून फाशी झाली. व्यंकटराव बस्तरकडे गेले, पण १८६० मध्ये तेही पकडले गेले आणि जन्मठेप झाली. त्यांची अडपल्ली-घोटची ६७ गावे इंग्रजांनी लक्ष्मीबाईंना दिली.

बंदुकीने जे जमले नाही ते भीतीने आणि बक्षिसाने झाले. त्याच जंगलपट्ट्यात पुढे नक्षल दलम आले, त्यांनीही गावातलीच पोरं नेली. त्यांना थोपवायला सरकारने १९९० मध्ये सी-६० पथक उभारले, तेही स्थानिक पोरांचेच. शरण येणाऱ्यांसाठी बक्षीस आणि पुनर्वसनाची योजनाही आणली. काळ वेगळा, कारणं वेगळी. पण दोन्हीकडून बोलावणं येतं ते आपल्याच पोरांना. जंगल-जमिनीचा भरवसा गावाला मिळाला, तर पोरगं कुणाच्याही मागे जाण्याआधी दोनदा विचार करील.

२००९ मध्ये टपाल खात्याने बाबुरावांचे तिकीट काढले. कारागृहातल्या पिंपळाजवळ आजही लोक माथा टेकवतात.