वीर यशवंतराव घाडगे : एक पुण्यस्मरण

ग्रामदैवताच्या कृपेने व आपणा सर्वांच्या सहकार्याने मंदिराचा जीर्णोद्धार सिद्धीस गेला. देणगीदारांच्या नावांची शिळा सभामंडपात बसली. त्या शिळेपुढे उभे राहिले की आपल्याच माणगाव तालुक्याच्या एका सुपुत्राची आठवण होते. त्यांचेही नाव दगडावर कोरलेले आहे, पण ते सातासमुद्रापार, इटलीतील कॅसिनो येथे. ते नाव म्हणजे नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस.

यशवंतरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी पळसगाव येथे शेतकरी कुटुंबात झाला. त्या काळचे आपले जीवन वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसात गुडघाभर चिखलात भात लावायचा, वरकस जमिनीवर नाचणी-वरी घ्यायची. एवढे राबूनही वर्षाचे धान्य पुरत नसे. मग घरटी एखादा मुलगा गिरणीत नाही तर पलटणीत जाई. आपल्यापैकी अनेकांचे वाडवडील परळ-लालबागला उतरले. पुढे काहींची बिऱ्हाडे दादरला शिवाजी पार्कच्या परिसरात थाटली. यशवंतरावांनी पलटणीची वाट धरली.

शिवाजी पार्कचे मूळ नाव माहीम पार्क. १९२७ साली त्याला महाराजांचे नाव मिळाले, तेव्हा यशवंतराव पाच वर्षांचे होते. रायगडाच्या मुलखात वाढलेल्या मुलाला ते नाव शिकवावे लागत नाही. त्यांच्या मराठा पलटणीची युद्धघोषणाही महाराजांच्याच जयजयकाराची.

पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण १९४१ साली आफ्रिकेत इरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर लढली होती. १९४४ साली ती इटलीत होती. ४ जून रोजी रोम पडले व जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागले. पण टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते प्रत्येक डोंगरसोंड अडवून लढत होते.

१० जुलै १९४४ रोजी यशवंतराव आपल्या तुकडीचे नेतृत्व करीत पुढे सरकत असता अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. क्षणार्धात तुकडीतील सर्व जवान ठार वा जखमी झाले. यशवंतराव एकटे उरले. ते आडोसा धरून मागे आले असते तरी कोणी बोल लावला नसता. पण सोबतीला कोणी नाही हे जाणूनही ते सरळ मशीनगनवर धावून गेले. प्रथम हातबॉम्ब टाकून त्यांनी ती बंद पाडली व चालविणाऱ्यास ठार केले. मग टॉमीगनने आणखी एकास टिपले. गोळ्या पुन्हा भरण्यास सवड नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळविले. ठाणे हाती आले, पण दडून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत घुसल्या. तेथेच त्यांना वीरमरण आले. वय अवघे बावीस.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. राज्य परक्याचे होते, लढाईही परक्या भूमीवरची होती, हे खरे. परंतु हिटलरच्या जुलमाखालून इटली सोडविण्यात आपल्या शेतकऱ्यांच्या मुलांचे रक्त सांडले, हेही तितकेच खरे. घरच्यांच्या हाती मात्र पदक आले, देह आला नाही. ज्यांची समाधी ज्ञात नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे कॅसिनोच्या स्मारकावर आहेत. त्यांतच यशवंतरावांचे नाव आहे.

तेथील लोक मात्र विसरले नाहीत. २०२३ साली इटलीतील मोंतोने गावी त्यांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारण्यात आले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरील वचनाचा आशय आहे. आपल्याकडे माणगावी त्यांचा पुतळा आहे. गावाकडे येता-जाता मुंबईकर मंडळींनी मुलाबाळांसह तेथे क्षणभर थांबावे व हा इतिहास त्यांना सांगावा. आपण यथाशक्ती दान दिले, त्याची नोंद शिळेवर झाली. ज्याने देह दिला त्याचीही नोंद या पुस्तिकेत राहावी, म्हणून हा अल्प प्रपंच.

वीर यशवंतरावांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.