लोकमान्य टिळक : प्लेगच्या साथीत शहरात थांबलेला माणूस



१ ऑगस्ट जवळ आला की आपल्या प्रत्येक शाळेत लोकमान्य टिळकांची भाषणं सुरू होतात. शेंगांची टरफलं, गणिताची आवड, केसरी, मंडालेचा तुरुंग. दोन मिनिटांचं भाषण, टाळ्या आणि खाऊ. मीसुद्धा मुलांकडून वर्षानुवर्षं हेच पाठ करून घेत आले.

कोरोनानंतर शाळा पुन्हा नियमित भरू लागल्या, त्या वर्षीची गोष्ट. भाषण संपलं आणि माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं की बाई, टिळक लॉकडाऊनच्या विरोधात होते का? घरी बाबांनी तसं सांगितलं होतं. लगेच बाजूच्या बाकावरचा मुलगा उठला. त्याच्या आजोबांनी सांगितलं होतं की टिळकांनी तर साथीत स्वतः हॉस्पिटल काढलं होतं. दोघांची जुंपली. मी नेहमीसारखं उद्या सांगते म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत नव्हतं.

मुलं भांडत होती ती आपल्या घरातली भांडणं घेऊन. आठवून बघा. इकडे खांदेश्वरला स्टेशन एवढं मोठं, पण लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी होती. पुढे दोन डोस घेतलेल्यांना पास मिळू लागला, त्यावरूनही वाद झाले. घरकाम करणाऱ्या मावशींना आत घ्यायचं की नाही, यावरून सोसायट्यांमध्ये लोकांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. माझ्या वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्धे म्हणत होते शाळा उघडा, पोरं वाया चालली. अर्धे म्हणत होते आम्ही संमतीपत्रावर सही करणार नाही. दोन्ही बाजूंचा राग माझ्यावर. एका मुलीच्या घरी एकच फोन, तो वडील कामाला घेऊन जायचे. ती रात्री नऊनंतर अभ्यास पाठवायची. तेव्हा कोण बरोबर, कोण चूक हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही.

म्हणून मी टिळकांचं चरित्र पुन्हा काढून वाचलं, या वेळी १८९७ सालावर थांबून. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

थोडक्यात जीवन परिचय

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. टिळक दहा वर्षांचे असताना कुटुंब पुण्याला आलं आणि लवकरच आई गेली. सोळाव्या वर्षी वडीलही गेले. डेक्कन कॉलेजातून बी.ए. आणि नंतर कायद्याची पदवी घेतल्यावर त्यांना सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर ते न्यू इंग्लिश स्कूलच्या कामात उतरले. म्हणजे बघा, टिळकांनी सुरुवात केली ती आपल्याच पेशापासून. ते गणित शिकवत.

१८८१ मध्ये केसरी आणि मराठा ही वृत्तपत्रं निघाली. कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर दोघांनी १०१ दिवसांचा तुरुंगवास भोगला. १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज. पुढे मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. १८९३ पासून त्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिलं, त्यानंतर शिवजयंती उत्सवाला.

एक गोष्ट इथेच सांगते. टिळक सगळ्याच बाबतीत काळाच्या पुढे नव्हते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी विरोध केला. मुलींच्या शिक्षणाबद्दलची त्यांची मतं आज आपल्याला पटणार नाहीत. मुलांना हेही सांगायला हरकत नाही, त्याने माणूस लहान होत नाही.

साथ येते

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. गोव्याकडून आलेले हे डॉक्टर. बातमी पसरली आणि लोक मुंबई सोडून गावांकडे निघाले. २०२० मध्ये आपल्या पनवेलजवळच्या रस्त्यांवरून डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघालेली माणसं तुम्ही पाहिली असतील. तसंच काहीसं तेव्हा झालं. त्याच वर्षी पाऊस कमी झाल्याने दुष्काळही होता. टिळक केसरीतून शेतकऱ्यांना दुष्काळाचे सरकारी नियम समजावून सांगत होते, म्हणजे आपला हक्क काय आहे ते लोकांना कळावं.

काही महिन्यांत प्लेग पुण्यात पोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला तो हाच, सव्वाशे वर्षं जुना कायदा. पुण्यासाठी प्लेग कमिटी नेमली गेली आणि तिचे प्रमुख झाले वॉल्टर चार्ल्स रँड. १३ मार्च १८९७ पासून घरोघर तपासणी सुरू झाली. त्यासाठी सैनिक लावले होते. योगायोग बघा, महाराष्ट्रात २०२० मध्ये हा कायदा लागू झाला तोही १३ मार्चलाच.

सैनिक घरात शिरत. आजारी दिसला की त्याला रुग्णालयात नेत, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत. घर धुऊन चुना लावायचा, जमीन खणायची, कपडे आणि सामान जाळायचं. स्त्रियांचा आणि धर्मभावनांचा मान राखावा अशा सूचना कागदावर होत्या. पण बुटांसह देवघरापर्यंत जाणं, बायकांची उघड्यावर तपासणी, सामानाची नासधूस अशा तक्रारी रोज येऊ लागल्या. पंडिता रमाबाईंनीही पुण्याच्या प्लेग रुग्णालयातल्या स्त्रियांच्या हालाबद्दल वृत्तपत्रात लिहिलं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो उंदरांवरच्या पिसवांमधून माणसाला होतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे नियम करणारेही अर्धवट माहितीवर नियम करत होते. आपण २०२० मध्ये भाजी सोड्याच्या पाण्यात धुतली, दुधाच्या पिशव्या पुसल्या, तसंच. नियम पाळणाऱ्याला राग येतो तो अशा वेळी, कारण त्रास तर खरा असतो आणि उपयोग किती ते कोणीच सांगू शकत नाही.

त्या दिवसांत टिळकांनी काय केलं?

पुण्यातली बरीच पुढारी मंडळी शहर सोडून गेली. ज्यांना परवडत होतं ते बाहेरगावी राहायला गेले. टिळक गेले नाहीत. बायकोमुलांसह ते पुण्यातच राहिले.

केसरीतून त्यांनी लोकांना सांगितलं की रोग्याला वेगळं ठेवणं आवश्यक आहे, स्वच्छता हवी, तपासणीला सहकार्य करा, आजार लपवू नका. हे आपण भाषणात कधी सांगतच नाही. टिळकांचा साथीच्या उपायांना मुळात विरोध नव्हता.

सरकारी रुग्णालयात जायला लोक घाबरत होते. तिथे गेलेला परत येत नाही अशी समजूत होती. जातपात, सोवळंओवळं हाही प्रश्न होता. टिळकांनी पुढाकार घेऊन हिंदू प्लेग हॉस्पिटल उभं केलं, त्यासाठी पैसे जमवले, स्वतः तिथे जाऊन रुग्णांची चौकशी केली. विलगीकरणाच्या छावणीत माणसांच्या जेवणाचे हाल होते, तिथे मोफत अन्नाची सोय केली. तपासणीच्या पथकांबरोबरही ते फिरले. रोग कसा पसरतो हे माहीत नसताना हे करणं म्हणजे जीव धोक्यात घालणंच होतं.

याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रुग्णांची सेवा करत होते. रुग्णाला आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. टिळक आणि सावित्रीबाई, विचारांनी दोन टोकं. पण दोघंही साथीपासून पळाले नाहीत. मला वाटतं हे दोन पाठ आपण वर्गात शेजारी शेजारी ठेवले पाहिजेत.

मग वाद कशावरून?

वाद होता नियम राबवण्याच्या पद्धतीवरून. टिळकांचं म्हणणं साधं होतं. लोकांच्या घरात शिरायचं तर लोकांना विश्वासात घ्या, स्थानिक माणसं बरोबर ठेवा, तक्रार आली तर ऐका. ती ऐकली जात नव्हती. तपासणीत मदत करणाऱ्या आणि चुका दाखवणाऱ्या पुण्याच्या नातू बंधूंना तर पुढे खटल्याशिवायच डांबून ठेवलं गेलं. मे महिन्यापर्यंत केसरीची भाषा चांगलीच कडक झाली होती. टिळक सरकारला बोलत होते आणि त्याच वेळी शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांनाही बोलत होते.

१९ मे रोजी कमिटीचं हे काम थांबलं. साथ त्या वेळी ओसरली होती, पण काही महिन्यांत ती पुण्यात परत आली.

२२ जून १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव होता. त्या रात्री गणेशखिंडीत रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तिथेच गेले, रँड ३ जुलैला. हे काम चाफेकर बंधूंचं होतं, हे पुढे उघड झालं. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव तिघेही फासावर गेले. तिन्ही मुलं गमावलेल्या त्या आईवडिलांचा विचार मनात आला की नुसती तारीख सांगून पुढे जाववत नाही.

संशयाची सुई टिळकांकडेही वळली. खुनाशी त्यांचा संबंध कधीच सिद्ध झाला नाही. पण १५ जूनच्या केसरीत शिवराज्याभिषेक उत्सवाबद्दल जे छापून आलं होतं, त्यावरून राजद्रोहाचा खटला भरला गेला. २७ जुलैला अटक झाली. मुंबईला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर खटला चालला. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी ठरवलं, तिघा भारतीयांनी निर्दोष. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी. तुरुंगात काथ्या काढण्याचं काम आणि निकृष्ट अन्न, वजन झपाट्याने उतरलं. मॅक्समुल्लर, दादाभाई नौरोजी अशा मोठ्या माणसांनी सुटकेसाठी अर्ज केला आणि सप्टेंबर १८९८ मध्ये ते मुदतीआधी सुटले.

याच काळातली एक गोष्ट पालकांनी जरूर वाचावी. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप तिथल्या वृत्तपत्रात केला. परत आल्यावर पुरावा मिळेना, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. लोकांवर जुलूम झाला नव्हता असं यातून मुळीच ठरत नाही. पण एक आरोप सिद्ध करता आला नाही, की खऱ्या तक्रारीही खोट्या ठरवायला सरकारला सोपं जातं. कोरोनात आलेला प्रत्येक मेसेज पुढे ढकलणाऱ्या आपण सगळ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पुढचं आयुष्य

त्यानंतरचं आपल्याला बहुतेक माहीत आहे. १९०५ च्या फाळणीनंतरची स्वदेशी चळवळ, १९०८ चा दुसरा राजद्रोहाचा खटला, मंडालेची सहा वर्षं आणि तिथे लिहिलेलं गीतारहस्य. ते तिकडे असतानाच १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्या. १९१६ मध्ये होमरूल लीग. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांचं निधन झालं.

एक गोष्ट मात्र भाषणात कधी येत नाही. टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ पुढे प्लेगनेच गेला. ज्या साथीत दुसऱ्यांच्या मुलांसाठी हा माणूस शहरात थांबला, ती साथ शेवटी त्याच्या घरात शिरलीच.

त्या दोन मुलांना मी काय सांगितलं?

दुसऱ्या दिवशी मी दोघांनाही समोर बोलावलं. म्हटलं, तुझे बाबा अर्धं बरोबर आणि तुझे आजोबा अर्धं बरोबर. टिळकांनी हॉस्पिटल काढलं आणि टिळक सरकारशी भांडले. दोन्ही कामं एकाच माणसाने, एकाच वेळी केली. पहिल्या मुलाने विचारलं, म्हणजे ते नेमके कोणाच्या बाजूने होते? मी म्हटलं, आजारी माणसाच्या. तो जरा विचारात पडला आणि जागेवर जाऊन बसला.

मला स्वतःला यातून एवढं कळलं. नियमावर बोलायचा हक्क सगळ्यांनाच आहे. पण जो छावणीत जेवण पोचवतो, त्याच्या बोलण्याला वेगळं वजन येतं. मी त्या दोन वर्षांत ग्रुपवर बरंच बोलले. त्या रात्री नऊनंतर अभ्यास पाठवणाऱ्या मुलीच्या घरी मात्र खूप उशिरा गेले.

वर्गात घेण्यासाठी उपक्रम

१. मुलांना घरच्या मोठ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगा : कोरोनात तुम्हाला कोणता नियम पटला आणि कोणता पटला नाही? दोन्ही उत्तरं वहीत लिहून आणायची.

२. सावित्रीबाई आणि टिळक यांची १८९७ मधली कामं फळ्यावर दोन रकान्यांत मांडा.

३. वर्गातला एखादा नियम निवडा, जसं डबा खाण्याआधी रांगेत हात धुणे. नियम चांगला आहे, पण राबवताना कोणाला त्रास होतो का, यावर गटात चर्चा घ्या.

तुमच्या वर्गात अशी चर्चा झाली तर मुलं काय म्हणाली ते मला नक्की कळवा. या १ ऑगस्टला भाषणात शेंगांची टरफलं असू द्यात, पण एक वाक्य प्लेगच्या छावणीबद्दलही असू द्या.