गुरांचा डॉक्टर डनलॉप

महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी टायरच्या बैलगाडीला सरळ ‘डनलॉप’च म्हणतात. पण हे एका माणसाचं आडनाव आहे, आणि तो माणूस इंजिनिअर नव्हता, गुरांचा डॉक्टर होता. मेकॅनिकलवाल्यांनी हे जरा मनावर घ्यावं!

जॉन बॉइड डनलॉपचा जन्म १८४० चा, स्कॉटलंडमधला. आयर्लंडमध्ये बेलफास्टला त्याची प्रॅक्टिस जोरात चालायची. त्या काळी सायकलचं पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं असे. कारण पेडल थेट चाकालाच. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, मग स्पीड हवा तर चाक मोठं करा. पण तेवढं चाक जागेवरून हलवताना पायांचा जीव जायचा. १८८५ च्या सुमारास चेनची सायकल आली आणि चाक लहान झालं. अडचण एकच, लहान चाक प्रत्येक खड्ड्यात पडतं. वर भरीव रबर, म्हणजे आपल्या बंडीच्या लोखंडी धावेपेक्षा थोडं बरं, इतकंच.

डनलॉपचा मुलगा तीनचाकी चालवायचा, त्याला दगडी रस्त्यावर धक्के बसायचे. बापाने लाकडी चकतीवर रबरी नळी कापडाने बांधली, हवा भरली आणि तीनचाकीच्या चाकासोबत अंगणात घरंगळत सोडली. जुनं चाक मधेच पडलं, हवेचं फाटकाला जाऊन आपटलं. १८८८ ला पेटंट मिळालं. १८८९ मध्ये विली ह्यूमने बेलफास्टला हे टायर लावून शर्यती जिंकल्या आणि हसणारे गप्प झाले.

माझ्या मते डनलॉपचं खरं काम आराम देणं नव्हे. त्याच्यामुळे लहान चाक वापरण्यासारखं झालं, आणि पिकअप तिथेच आहे. फंडा सोपा आहे. काठावरचा एक किलो पुढेही जातो आणि गोलही फिरतो, म्हणून वेग घेताना दोन किलोसारखा वागतो. हजार किलोच्या कारला प्रत्येक चाकाच्या काठावर दोन किलो वाढवले तर एकूण आठ, पण इंजिनला सोळा वाटतात, म्हणजे १.६ टक्के. आता चाकाची बाहेरची त्रिज्या ५ टक्के वाढवा. टॉर्क तोच, त्रिज्या जास्त, म्हणून रस्त्यावरचा जोर जवळपास ५ टक्के घटतो. म्हणजे वजनापेक्षा साइज जास्त मारते. मोठ्या अलॉयवर पातळ टायर चढवून बाहेरचं माप तेच ठेवलं तर हा तोटा टळतो, पण मग बहुतेक वेळा वजन वाढतं आणि काठाकडे सरकतं. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये मोठे अलॉय मिरवणाऱ्यांनी एकदा कागदावर हिशोब करावा, दिसायला भारी दिसतात हे कबूल.

डनलॉपच्या पदरात मात्र फार पडलं नाही. हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच घेतलं होतं! ते निघालं आणि डनलॉपचं पेटंट रद्द झालं. खरं तर थॉमसनच्या वेळी सायकलच नव्हती, त्यामुळे त्याचं टायर विसरलं गेलं होतं. धंदा हार्वी द्यु क्रॉसने वाढवला, १८९५ मध्ये फ्रान्समध्ये मिशलॅन बंधूंनी हवेचे टायर मोटारीला लावून शर्यतीत उतरवले, आणि डनलॉप त्याच सुमारास कंपनीतून बाहेर पडला. १९२१ साली तो डब्लिनला वारला. कंपनीने नाव तेवढं ठेवून घेतलं.