रॉबर्ट ब्राउन इलियट
रॉबर्ट ब्राउन इलियट (अंदाजे इ.स. १८४२ – ९ ऑगस्ट, इ.स. १८८४) हे आफ्रिकन-अमेरिकन वकील, पत्रकार व राजकारणी होते. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचना काळात दक्षिण कॅरोलिना राज्यातील कृष्णवर्णीय नेत्यांत त्यांचे स्थान अग्रगण्य होते.

आपला जन्म लिव्हरपूलचा व शिक्षण ईटनचे, असे ते सांगत. चरित्रकारांना मात्र त्यास आधार सापडलेला नाही. इ.स. १८६७ मध्ये चार्ल्सटन येथे ‘साउथ कॅरोलिना लीडर’ या वृत्तपत्राच्या सहसंपादकपदी ते दिसतात, आणि तेथून पुढचे त्यांचे आयुष्य ठळकपणे नोंदलेले आहे. इ.स. १८६८ च्या राज्यघटना परिषदेत कृष्णवर्णीय प्रतिनिधींचे बहुमत होते. मतदानासाठी साक्षरतेची अट व कर लादण्याचे प्रस्ताव तेथे हाणून पाडण्यात इलियट यांचा मोठा वाटा होता. नुकतेच दास्यमुक्त झालेले बहुसंख्य लोक निरक्षर व निर्धन असल्याने या अटींनी त्यांचा मताधिकार नाममात्र उरला असता. त्याच वर्षी ते राज्य विधिमंडळावर निवडून आले व त्यांना वकिलीची सनदही मिळाली.

इ.स. १८७१ ते १८७४ या काळात ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. ६ जानेवारी, इ.स. १८७४ रोजी नागरी हक्क विधेयकावर त्यांनी केलेले भाषण विशेष गाजले. विधेयकाच्या विरोधकांत अलेक्झांडर स्टीफन्स होते. यादवी युद्धात ते दक्षिणेच्या बंडखोर सरकारचे उपाध्यक्ष होते. लुईझियानातील कसाईखान्यांच्या खटल्यातील निकालामुळे संघराज्याला असा कायदा करता येत नाही, असे विरोधकांचे म्हणणे होते. इलियट यांनी तोच निकाल बारकाईने उलगडून दाखवला आणि कायद्याच्या समान संरक्षणाची हमी त्याने बाधित होत नाही, असे प्रतिपादन केले. विधेयक इ.स. १८७५ मध्ये काटछाट होऊन संमत झाले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र इ.स. १८८३ मध्ये त्यातील मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या.

दरम्यान इलियट राज्याच्या राजकारणात परतले होते. इ.स. १८७४ ते १८७६ या काळात ते राज्य प्रतिनिधिगृहाचे सभापती होते, तर इ.स. १८७६ मध्ये महान्यायवादी म्हणून निवडून आले. पण एप्रिल, इ.स. १८७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष हेज यांनी राज्य सरकारच्या पाठीशी उभे असलेले संघराज्याचे सैन्य मागे घेतले, तेव्हा रिपब्लिकन सरकार कोसळले आणि इलियट यांना पद सोडावे लागले. वकिलीवर भागेना, म्हणून त्यांनी इ.स. १८७९ मध्ये सीमाशुल्क खात्यात नोकरी धरली. इ.स. १८८१ मध्ये त्यांची न्यू ऑर्लिन्सला बदली झाली. पुढच्या वर्षी ती नोकरीही गेली. त्याच शहरात हिवतापाने, दारिद्र्यात त्यांचे निधन झाले.