ह्यूगो ब्लॅक : क्लॅनमधून न्यायासनाकडे

१९३७ च्या ऑगस्टमध्ये रूझवेल्ट यांनी अलाबामाचे सिनेटर ह्यूगो ब्लॅक यांची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक केली आणि पुढच्याच महिन्यात हे गृहस्थ एकेकाळी कू क्लक्स क्लॅनचे सभासद होते, ही गोष्ट वृत्तपत्रांनी उघडकीस आणली. बर्मिंगहॅममध्ये कामगारांची वकिली करणाऱ्या या माणसाने १९२३ साली ती संगत धरली, ती बहुधा मतांच्याच हिशेबाने. नभोवाणीवरून त्यांनी सभासदत्व कबूल केले. पद मात्र सोडले नाही. १९४० मध्ये फ्लॉरिडातील चार कृष्णवर्णीयांचा मृत्युदंड त्यांच्याच निकालपत्राने रद्द झाला. शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या १९५४ च्या एकमुखी निर्णयात ते सामील झाले, तेव्हा स्वतःच्या अलाबामातच ते परके ठरले. परंतु १९४४ मध्ये जपानी वंशाच्या लोकांना, ज्यांत बहुसंख्य अमेरिकी नागरिकच होते, घरादारांतून हुसकावणारा लष्करी हुकूम वैध ठरविणारे निकालपत्रही त्यांचेच. १९७१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला नाही.